समुद्रशेवाळाची शेती आणि त्वचेचे विकार: या चुका टाळा

तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर, मंडपम-पांबनच्या पट्ट्यात, बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस हे समुद्रशेवाळ वाढवतात. पीक साधारण ४५ दिवसांत काढणीला येतं. रोपं दोरीला बांधणं, तराफे साफ करणं, काढणी या कामांत हात-पाय तासन्‌तास खाऱ्या पाण्यात राहतात. मग खाज सुटली, भेगा पडल्या की ‘समुद्राचं काम, होणारच’ म्हणून सोडून देतात. पहिली चूक हीच. यातला बराचसा त्रास टाळता येतो.

काम संपल्यावर खारं पाणी अंगावरच सुकू देऊ नका. गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. ओले कपडेही लगेच बदला. शेवाळात कधी कधी लिंग्बिया या विषारी नील-हरित शेवाळाचे केसांसारखे काळपट पुंजके अडकलेले असतात. ते घट्ट कपड्यांखाली राहिले की काही तासांतच आग होते, फोड येतात. १९५८ साली हवाईत समुद्रात पोहणाऱ्यांना याचा मोठा फटका बसला होता.

हातमोजे घालावेत, पण आत पाणी शिरलेला मोजा दिवसभर घालणं उघड्या हातापेक्षा वाईट. मनगटाशी, मोजा संपतो तिथेच पुरळ थांबत असेल, तर रबराची अ‍ॅलर्जी असू शकते. मोज्याचा प्रकार बदलून पाहा.

जेलीफिश लागली की घाईने गोडं पाणी ओतू नका, वाळूने चोळू नका. त्वचेला चिकटलेल्या न फुटलेल्या दंशपेशी त्याने फुटतात आणि विष वाढतं. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढा.

सर्वांत जास्त नुकसान मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबने होतं. चिखल्या किंवा गजकर्णावर स्टिरॉइड असलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. पुढे चट्ट्याचं रूपच असं बदलतं की डॉक्टरही चकतात. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं लिहिलेलं असेल, तर ती स्वतःच्या मनाने लावू नका. आणि शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब तर मुळीच नको.

जखम झाली असेल तर ती भरेपर्यंत पाण्यात उतरू नका. रोजंदारी बुडते, हे मान्य आहे. तरीही मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी यात तडजोड करू नये. लाली झपाट्याने पसरली, काळपट फोड आले, ताप चढला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू काही तासांत जिवावर बेततात. याउलट बोटावर किंवा हातावर हळूहळू गाठ आली आणि ती कित्येक आठवडे बरी होत नसेल, तर तो वेगळा, संथ जंतुसंसर्ग असू शकतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने तो हटत नाही. ‘मी समुद्रात शेवाळाचं काम करते’ हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. त्यावरून कोणती तपासणी करायची ते त्यांना ठरवता येतं.