पाणी गोडं की खारं: खोल समुद्रासाठी बोट आणि माणसं तयार करताना

वेंगुर्ले रॉक्सचा दीपस्तंभ उजव्या हाताला लुकलुकत होता. रात्रीचे नऊ वाजले असतील. पहाटे गोव्यातल्या मांडवी नदीच्या मुखातून निघालेली आमची ३८ फुटी शिडाची बोट वायव्येच्या वाऱ्याशी झुंजत मुंबईकडे चालली होती. चहा टाकायला मी खाली उतरले आणि पाऊल पाण्यात पडलं. फळ्यांच्या वर घोटाभर पाणी. मी ओरडणार, तेवढ्यात इंजिन बघणारे मामा वरून वाकले आणि शांतपणे म्हणाले, "बाय, उदक चाखून पळय."

चाखून बघितलं. खारं. गोडं असतं तर पिण्याच्या पाण्याची टाकी गळतेय, एवढंच. खारं म्हणजे समुद्र आत येतोय.

तळाचं पाणी उपसणारा बिल्ज पंप सुरू केला, तो घरघरला आणि बंद पडला. हातपंपाचे तीन दट्टे मारले, तोही तुंबला. मग दोन बादल्या आणि चार माणसं, पाचवा सुकाणूवर. तासाभराने पाणी ओसरल्यावर मामांनी पंप उघडला, तर आत कागदाचा लगदा. टिनांवरची लेबलं होती ती. सामान भरायची जबाबदारी माझी होती. मटार, टोमॅटो प्युरी, अननस असे सगळे डबे मी फळ्यांखाली नीट रचले होते, पण लेबलं न काढता. आणि पाणी येत होतं नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून. नांगराची साखळी ज्या भोकातून खाली जाते ते भोक बुजवायचं राहिलं होतं. प्रत्येक लाट डेकवरून गेली की तांब्याभर पाणी आत. पाचही जणांना वाटत होतं, ते दुसऱ्याने बुजवलं असेल.

त्या रात्रीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर हंगामात मी दोन-तीन बोटी आणि त्यांची माणसं लांबच्या प्रवासाला किंवा शर्यतीला तयार करते. सावंतवाडी, कोल्हापूर, पुण्याहून मुलंमुली विचारायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'कोणता कोर्स करू?' असा असतो. त्याचं उत्तर पुढे देते. आधी माझं एक ठाम मत सांगते. सामान विकत आणल्याने बोट तयार होत नाही. जी माणसं तिच्यावर जाणार आहेत, त्यांचे हात तिच्या प्रत्येक वस्तूवरून फिरले की ती तयार होते.

गोव्यात याचं मोठं उदाहरण आहे. 'म्हादेई' ही ५६ फुटी बोट इथेच, दिवाडी बेटावर बांधली गेली. २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, दिलीप दोंदे, बोट बांधली जात असल्यापासून तिच्या सोबत होते. कुठल्या फळीमागे काय आहे हे ज्याने फळी बसायच्या आधी पाहिलंय, त्याला भर समुद्रात शोधत बसावं लागत नाही. तुम्हाला नवी बोट बांधायची संधी बहुधा मिळणार नाही. पण पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवून तिची पोटं उघडतात, तेव्हा तिथे हजर राहता येतं. जून ते सप्टेंबर हाच खरा शाळेचा काळ.

तेव्हा काय बघायचं? मी डोलकाठीच्या टोकापासून सुरुवात करते. दोरखुर्चीत बसून वर जायचं, हातात कापसाचा बोळा घ्यायचा आणि पोलादी तारांवरून तो फिरवत खाली यायचं. जिथे कापूस अडकेल तिथे तारेचा एक पदर तुटलेला. असा एक पदर तुटला तरी ती तार बदलायची. 'या फेरीपुरती चालेल' हे वाक्य मी ऐकून घेत नाही. तारा ताणणाऱ्या टर्नबकलमधल्या स्प्लिट पिना, हॅलयार्ड म्हणजे शीड वर चढवायचा दोर जिथे चाकावरून वळतो तिथलं घासणं, शिडाची शिवण उन्हाने कुजली आहे का, हे सगळं नखाने खरवडून बघायचं. एकदा एका कामगाराने नव्या तारा बसवून दिल्या आणि एका पिनेचे पाय दुमडायला विसरला. वर चढले नसते तर ते कळलं नसतं. म्हणून पैसे देऊन करून घेतलेलं कामही स्वतः तपासायचं.

मग पाण्याखालचं अंग. बोटीच्या बुडाला जितकी भोकं, तितके सीकॉक, म्हणजे ती भोकं बंद करायचे व्हॉल्व्ह. प्रत्येक उघडून-बंद करून बघायचा आणि त्याच्या शेजारी त्याच मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवायची. पाइप सुटला तर ती खुंटी ठोकायची. ती हत्यारांच्या पेटीत असून उपयोग नाही, भोकापाशी हवी. सुकाणूचा आडवा दांडा तुटला तर लावायचा जादा दांडा बंदरातच एकदा बसवून, त्यावर बोट वळवून बघायची. मी पाहिलेल्या दोन बोटींवर तो दांडा होता, पण मधे कॉकपिटचं टेबल येत असल्याने बसतच नव्हता.

लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी 'वर्ल्ड सेलिंग' या जागतिक संघटनेची सुरक्षा नियमावली असते. अंतर आणि धोक्याप्रमाणे तिच्यात श्रेणी आहेत. नवख्यांना ती यादी कंटाळवाणी वाटते. पण १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत १५ खलाशी गेले, १९९८ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत ६, आणि अशा अपघातांच्या चौकशांमधून ही नियमावली घडत गेली. ९ लिटरच्या दोन मजबूत बादल्या, त्यांना दोरी बांधलेली, हाही नियम आहे. वेंगुर्ल्याच्या त्या रात्री आम्हाला बादल्यांनीच वाचवलं, त्यामुळे ती ओळ मी कधी घाईत वाचत नाही. फास्टनेटमध्ये सोडून दिलेल्या कित्येक बोटी नंतर तरंगत सापडल्या. म्हणून लाइफराफ्टबद्दल, म्हणजे बोट बुडाली तर वापरायच्या तराफ्याबद्दल, जुने लोक सांगतात की तिच्यात पाऊल वर चढून ठेवायचं. म्हणजे तुमची बोट खरोखर खाली जाईपर्यंत ती सोडायची नाही.

माणसाला बोटीशी जोडून ठेवणारा, छातीवरच्या हार्नेसला लावायचा टेदर २ मीटरपेक्षा लांब नको. तो डेकवर लांबीभर बांधलेल्या पट्टीला, जॅकलाइनला, जिन्यातून बाहेर पडायच्या आधीच अडकवायचा. लाइफजॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात ते गळ्याशी वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारा ईपर्ब, उजेडाचा इशारा देणारे फ्लेअर, हातातला व्हीएचएफ रेडिओ हे सगळं एका पिशवीत भरतात, ते बरोबरच. पण पिशवी ठेवायची कुठे? २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत भारताचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात पाठीला जबर मार लागून केबिनमध्ये पडून होते, तेव्हा त्यांना आपल्या आपत्कालीन पिशवीपर्यंत पोचता आलं नव्हतं. त्यांची बोट 'थुरिया' गोव्यातच बांधलेली. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गटाला सांगते आणि मग विचारते, "पाय हलत नसतील तर तुमचा हात कुठवर जाईल?" तिथे पिशवी ठेवायची.

आता माणसं. माझी आवडती तालीम अगदी साधी आहे. बोट नांगरावर असताना एकेकाच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि सांगायचं, पंपाचा दांडा दे. आग विझवायचं नळकांडं दे. गॅसचा व्हॉल्व्ह बंद कर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो, म्हणून तो व्हॉल्व्ह झोपेतही सापडला पाहिजे. पहिल्या दिवशी लोक तीन-तीन मिनिटं चाचपडतात. चौथ्या दिवशी हात सरळ जातो. तेव्हा मला झोप लागते.

रीफ घेणं, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करणं, हेही तसंच. मागच्या वर्षीच्या गटाला पहिल्यांदा ११ मिनिटं लागली, आग्वादच्या बाहेर आठवडाभर रोज दुपारी केल्यावर ३. दुपारी, कारण आपल्याकडे डिसेंबर ते मार्चमध्ये सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो आणि जेवणानंतर समुद्रावरून येणारं खारं वारं जोर धरतं. निघताना मात्र हाच मतलई वारा कामाला येतो. पहाटेची ओहोटी साधली तर मांडवीच बोटीला बाहेर काढून देते.

माणूस पाण्यात पडल्याची तालीम सगळेच फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला धक्क्यासाठी लावायचा हवेचा फुगा, टाकून करतात. फेंडर उचलायला सोपा. भिजलेला, थकलेला ऐंशी किलोचा माणूस डेकवर कसा घ्याल? दोनापावलाजवळ शांत पाण्यात खरा माणूस उतरवून, हॅलयार्ड आणि विंचने, म्हणजे दोर ओढायच्या चरकाने, त्याला एकदा उचलून बघा. आमच्या दोघींना पहिल्या खेपेला ते जमलंच नाही. मग आम्ही तीन पदरी कप्पी लावली.

रात्री आणखी एक धोका, आणि तो नकाशावर नसतो. मालवण ते रत्नागिरी पट्ट्यात मासेमारीची जाळी दूरवर पसरलेली असतात, त्यांच्या कित्येक तरंगत्या बोयांवर दिवाही नसतो. इंजिन चालू असेल तर पंख्यात जाळं गुंडाळलंच म्हणून समजा. जाळ्यावरून जायची वेळ आलीच तर इंजिन बंद, शिडावर. आणि कुणाचं जाळं तुटलं तर थांबून बोलायचं. त्याचं ते पोट आहे.

खाण्याबद्दल थोडंसं. पहिले दोन दिवस कुणालाच धड जेवण जात नाही. पेज, आमसुलाचं सार, आलेपाक, दशम्या पुरतात. मळमळीची गोळी निघायच्या आदल्या रात्री घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. हेलकाव्यात प्रेशर कुकरच वापरते मी, झाकण घट्ट असल्याने उपडा झाला तरी कुणी भाजत नाही. टिनांची लेबलं काढून मार्करने नावं लिहायची, हे आता वेगळं सांगायला नको.

माणसं निवडताना मी अनुभवाच्या आधी झोप मोडल्यावरचा स्वभाव बघते. शनिवार-रविवार बोटीवरच राहायचं, तीन-तीन तासांच्या पाळ्या लावायच्या. रात्री दोनला उठवल्यावर जो न चिडता आधी हवा कशी आहे ते विचारतो, तो माझा. प्रत्येकाला एक खातं द्यायचं: इंजिन, शिडं, वीज, औषध-अन्न. आणि प्रत्येक खात्यात दुसरा एक वारस. साखळीच्या भोकासारखी कामं मात्र यादीत नावासकट लिहायची, 'सगळ्यांनी' असं कधीच नाही.

कोर्सचं म्हणाल तर आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेची पायरी जगभर चालते. यॉटमास्टर ऑफशोअरच्या परीक्षेला बसायला ५० दिवस आणि २,५०० सागरी मैल समुद्रावर काढलेले लागतात, त्यात ६० मैलांहून मोठे पाच प्रवास. हे मैल विकत मिळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेवा आणि प्रत्येक प्रवासानंतर कप्तानाची सही घ्या. व्हीएचएफचा परवाना आणि प्रथमोपचार आधीच करून टाका. लाइफराफ्ट उलटी करून सुलटी करायचा सर्व्हायव्हल कोर्स एकदा पाण्यात उतरून कराच. नौदलात जाणाऱ्यांना गोव्याच्या आयएनएस मांडवीवरून निघणाऱ्या मोहिमांची दारं उघडी असतात. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून इथूनच जगप्रदक्षिणेला गेल्या आणि २०२४ मध्ये दोघीच निघाल्या.

नौदलाबाहेरच्या माणसाला हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. बाकीचे महिने ज्यांच्या हातात दुसरं कसब आहे, फायबरचं काम, शिडं शिवणं, डिझेल इंजिन, ती मुलं या धंद्यात टिकलेली मी पाहिली आहेत. मी स्वतः शिडं शिवते. सध्या कामाच्या टेबलावर एक जुना मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, पडलाय, तिसऱ्या रीफपाशी उसवलेला. शुक्रवारी नवी चार मुलं येणार आहेत, त्यांच्या हातात सुई देऊन त्याच्यापासूनच सुरुवात करायची आहे.