पऱ्हाटी उपटल्यावर लसूण लावायचाय? उशीर झाला तरी असा लावा

आपल्याकडे लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, पण पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं उपटून रान मोकळं व्हायला डिसेंबर उजाडतो आणि मग बांधावरून कोणीतरी विचारतंच, "आते लसूण लावस का रे भाऊ?" हो, लावायचा. फक्त गड्डा लहान राहील हे आधीच धरून चाला, कारण लसणाला आधी थंडीत पात वाढवायची असते, दिवस मोठा आणि गरम झाला की पात थांबते अन् गड्डा भरायला लागतो, उशिरा लावला की पातीला दिवसच कमी मिळतात. एप्रिलात जळगाव-भुसावळचा पारा ४२च्या वर जातो, त्यात गड्डा फुगत नाही. म्हणून गड्ड्यासाठी माझी हद्द डिसेंबरअखेर, त्यानंतर लावला तर फक्त पातीसाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बियाणं. उशिराच्या लसणात बारीक पाकळी लावूच नका, गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या जाड पाकळ्या निवडा, मधल्या बारक्या फोडणीला ठेवा. पाकळी गड्ड्यातून लावायच्या आदल्या दिवशीच सोडवा, आधीच फोडून ठेवली तर सुकते. गड्डे दोन-तीन आठवडे फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवले तर अजून चांगलं, थंडी लागलेली पाकळी गड्डा लवकर धरते, थंडी मिळालीच नाही तर पाकळ्या न पडता कांद्यासारखी एकच गोल गाठ होते. गोदावरी, श्वेता, फुले बसवंत या लसणाच्या वाणांतलं जे घरचं असेल ते घ्या, भाजीबाजारातला जाडजूड परदेशी लसूण नको.

सपाट वाफे करा, कुजलेलं शेणखत मिसळा. नेहमी १५ बाय १० सेंटीमीटरवर लावतो, उशिरा १० बाय ७.५ वर लावा, गड्डा लहानच राहणार मग जागा कशाला वाया घालवायची. टोक वर, बूड खाली, टोकावर बोटाच्या पेराएवढी माती. लगेच हलकं पाणी, आणि वरून सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पातळ पसरा, फेब्रुवारीच्या उन्हात जमीन तापत नाही, ओल टिकते.

युरिया पहिल्या महिना-दीड महिन्यातच संपवा. नंतर दिला की पात हिरवीगार दिसते पण गड्ड्याला कोंब फुटतात, मी हे एकदा करून बसलोय, सगळा माल महिनाभरात पोकळ झाला.

ऊन वाढलं की फुलकिडे येतात. पातीच्या बेचक्यात, अगदी आतल्या कोवळ्या पानाच्या बुडाशी बघा, पिवळट बारीक किडे पळतात आणि पानावर पांढरे ओरखडे दिसतात. निळे चिकट सापळे आधीच लावा, संध्याकाळी निंबोळी अर्क मारा. पाणी मार्चपासून लवकर लवकर पण थोडं थोडं. शेंडे पिवळे पडून माना कलल्या की काढणी, त्याच्या १०-१५ दिवस आधी पाणी बंद. पातीसकट जुड्या बांधून सावलीत टांगा, उन्हात टाकला तर भाजतो.

जानेवारीत लावलेला पातीचा वाफा असेल तर महिना-सव्वा महिन्यात कापायला लागा, बुडाशी दोन बोटं ठेवून कापलं की परत फुटतो. तोवर भरिताची वांगी असतातच, हिरवी मिरची आणि ही पात ठेचून त्यात घाला, वर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.