गाडीखाली ऑइलचा ठिपका दिसला की आधी वर बघा

मागच्या वर्षी दिवाळीला आईनं घासून काढलेल्या शहाबादी फरशीवर माझ्या गाडीनं दुसऱ्याच दिवशी रुपयाएवढा काळा ठिपका पाडला, आणि तिथनं आमच्या घरात गाडी विकायचा विषय सुरू झाला. गाडी जुनी, पेट्रोल. एका गॅरेजवाल्यानं खालनं वाकून बघितलं आणि सांगून टाकलं, मागचं क्रँक सील (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील) गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागतोय. शेवटी निघालं काय, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. ऑइल वरनं गळत होतं, इंजिनाच्या मागच्या अंगानं ओघळत चेंबरवर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) येत होतं आणि तिथनं टपकत होतं. म्हणून सांगतो, ठिपका जिथं पडतो तिथंच गळती असंल असं धरून चालू नका.

आधी ते इंजिन ऑइलच आहे का बघा. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा आणि कुठलं चाक कुठं होतं ते पेननं लिहा. सकाळी तपकिरी-काळं बुळबुळीत दिसलं तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी पाण्यासारखं असलं तर कूलंट, लाल असलं तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं नाहीतर ऑटोमॅटिक गिअरचं, आणि नुसतं स्वच्छ पाणी असलं तर एसीचं, ते सोडून द्या. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ पिवळसर काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, मग गाडी हलवायचीच नाही, मेकॅनिकला घरी बोलवा.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी. गाडी सपाटीला लावून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून परत घालायची आणि मग लेव्हल बघायची. (साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्याला सपाट जागा मिळणं हेच अर्धं काम आहे.) उतारावर बघितली तर लेव्हल चुकीची दिसणार. बऱ्याच लहान गाड्यांत खालच्या खुणेपासनं वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटरच्या आसपास अंतर असतं, त्यामुळं थोडं थोडं ओतत बघा, वरच्या खुणेच्या पुढं भरू नका. आणि चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या चौकापर्यंत जाऊ म्हणायचं नाही, तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद.

आता खरं काम. मळकट इंजिनात गळती सापडत नाही, कारण जुन्या ऑइलवर धूळ बसून सगळंच ओलं दिसतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कॉइलवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, तेलकटपणा काढणारं डिग्रीजर मारा, ब्रशनं घासा, हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा वायरिंगवर मारू देऊ नका, आणि पेट्रोलनं इंजिन धुवायचा शहाणपणा तर अजिबात नको. नीट वाळलं की संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरायची, फक्त बेल्टवर जाऊ द्यायची नाही. मग गाडी फिरवून आणा. मी यवतेश्वरचा घाट चढून देवळापर्यंत जाऊन आलो, कारण घाटात इंजिन चांगलं तापतं, तापलेलं ऑइल पातळ होतं आणि जी गळती गावातल्या फेऱ्यांत लपते ती तिथं बाहेर येते. घरी येऊन टॉर्च मारून बघा, पांढऱ्या पावडरीत जिथं सगळ्यात वर ओली रेघ सुरू होते ती जागा आपली. जिथं डोकं जात नाही तिथं मोबाईल घालून व्हिडिओ काढा, मला मागची बाजू अशीच दिसली.

बघायचं वरनं खाली: ऑइल भरायच्या झाकणाचं रबर, टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, चेंबरचा जॉइंट, सगळ्यात शेवटी ड्रेन नट.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येतं. कॉइल, वायरी, ब्रीदरचा (इंजिनातला दाब बाहेर सोडणारा) पाइप सोडवा, कुठला कुठं होता त्याचा आधी फोटो काढा. बोल्ट काढून कव्हर उचला, जुनं रबर चिकटलेलं असलं तर प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात आणि नवीन पॅकिंगही गळतं. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असंल तर तिथली सीलंही बदला, गाडी मिसिंग करत, म्हणजे झटके खात असंल तर तेही त्यामुळंच असू शकतं. सिलिकॉन फक्त कंपनीनं सांगितलेल्या कोपऱ्यांवर, तेही थेंबभर. आपल्याकडं पॅकिंगभोवती ट्यूब पिळायची सवय आहे, जास्तीचं तुटून आत पडतं आणि ऑइलची जाळी तुंबवतं. बोल्ट मधनं सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळा. हे बारके बोल्ट असतात, ताकद दाखवली की तुटतात.

फिल्टरजवळ गळत असलं तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून तर राहिलं नाही ना बघा, नवीन रबराला ऑइल लावा, रबर टेकल्यावर हातानंच साधारण पाऊण फेरा. ड्रेन नटला वॉशर नवीन टाका. खाली शिरायचं असंल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावूनच.

एक गोष्ट बरेच मेकॅनिक बघत नाहीत, ती म्हणजे ब्रीदर, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो तुंबला की इंजिनात दाब साचतो आणि चांगल्या सीलमधनंही ऑइल बाहेर ढकललं जातं, मग तुम्ही पॅकिंग बदलत बसता आणि गळती काही थांबत नाही. पॅकिंग बदलायच्या आधी तो साफ करा.

मागचं क्रँक सील खरंच गेलं असलं तर मात्र गिअरबॉक्स उतरतोच, ते घरचं काम नव्हं. एवढी मजुरी जातेच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या, ऑइल लागून ती घसरायला लागलेली असू शकते.

काम झालं की परत आठवडाभर पुठ्ठा टाका. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर ठेवून सकाळी धुण्याच्या सोड्यानं घासा. बराच जातो, सगळा नाही. आमच्याकडं उरलेल्या डागावर आईनं कोरफडीची कुंडी ठेवलीय.