पहाटे साडेपाचला उघडणारा आशिया: सेटलमेंटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

अण्णा कराडला एका पतसंस्थेत कारकून होते. रोजकीर्द आणि तिजोरीतली रोकड जुळल्याशिवाय संध्याकाळी शटर खाली यायचं नाही. एकदा अठरा रुपयांच्या फरकासाठी ते रात्री दहापर्यंत थांबले. घरी आल्यावर जेवता जेवता त्यांनी मला सांगितलं, फरकाला नऊने भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत असं समजायचं. पस्तीसचे त्रेपन्न झाले की अठराचा फरक पडतो.

२०११ साली बी.कॉम. होऊन मी पुण्यात, खराडीला एका परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात, म्हणजे झालेल्या सौद्यांचे हिशेब पुरे करणाऱ्या विभागात लागले. टेबल, म्हणजे सांभाळायचा देश, मिळालं जपानचं. दुसऱ्याच आठवड्यात २७,००० येनचा फरक काही केल्या सापडेना. मी नऊने भागून पाहिलं आणि उलट्या आकड्यांच्या शोधात यादी वाचायला लागले. २,५८,०००च्या जागी २,८५,००० पडले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे काम आपल्याला जमेल.

आशियाच्या बाजारांत करिअर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर सहा स्क्रीन लावून बसलेला ट्रेडर येतो. त्या खुर्च्या मोजक्या आहेत आणि तिथे पोचायचे रस्ते बहुतेक मोठ्या बिझनेस स्कूलमधून जातात. साताऱ्या-सांगलीच्या कॉमर्सच्या मुलांना खरोखर उघडं असलेलं दार वेगळं आहे: पुणे, मालाड, ऐरोली इथली बॅक ऑफिसं. लंडनच्या फंडाने टोकियोत शेअर घेतला, तर ते शेअर त्याच्या खात्यात आणि पैसे समोरच्याच्या खात्यात ठरल्या दिवशी पोचवणं, म्हणजे सेटलमेंट. लाभांश, बोनस शेअर, राइट्स (जुन्या भागधारकांना नवे शेअर घ्यायचा हक्क) हे कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्सवाले बघतात. आमच्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं म्हणजे रेकॉन. अण्णांचा ताळा, फक्त बारा देशांत आणि बारा चलनांत.

माझं ठाम मत आधीच सांगते. आशिया नावाचा एक बाजार अस्तित्वात नाही. युरोपात अनेक देशांना मिळून एक चलन आहे, बरेचसे नियम सारखे आहेत. इथे प्रत्येक देशाचं चलन वेगळं, सुट्ट्या वेगळ्या, परदेशी गुंतवणूकदाराला आत घेण्याची पद्धत वेगळी. चीनच्या मुख्य भूमीवर शेअर त्याच रात्री हलतात आणि पैसे दुसऱ्या दिवशी. हाँगकाँग, कोरिया, तैवान, सिंगापूर इथे सौदा दोन दिवसांनी पुरा होतो, ज्याला आम्ही टी प्लस टू म्हणतो. मी लागले तेव्हा जपान टी प्लस थ्री होतं, जुलै २०१९ मध्ये ते टू झालं. भारत २००१ मध्ये टी प्लस फाइव्ह होता, २००३ मध्ये टू झाला आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वनवर आले. अमेरिकेने हेच पाऊल मे २०२४ मध्ये टाकलं, म्हणजे आपल्यानंतर. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, कारण आपल्याकडचं सगळं मागासलेलं असतं असा समज करून घेऊन बरीच मुलं येतात.

या वेगळेपणामुळेच आम्हाला काम आहे आणि त्यातच अडचणीही आहेत. कोरियन वॉन, तैवान डॉलर आणि आपला रुपया ही चलनं जगात कुठेही मनाला येईल तशी देता-घेता येत नाहीत. शेअर घ्यायचा तर स्थानिक चलन वेळेवर हातात हवं, आणि भारताचा बाजार चालू असतो तेव्हा न्यूयॉर्क बहुतांशी झोपलेलं असतं. टी प्लस वनमध्ये अमेरिकन फंडाला सौद्याच्या आधीच पैशांची तजवीज करावी लागते. गुंतवणूकदारासाठी ही डोकेदुखी आहे. तुम्ही ती समजून घेतलीत तर टीममधले लोक तुम्हाला विचारायला येतील.

आता माझी एक चूक, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या वर्षी करतो. २०१२ मध्ये एका क्लायंटला जे शेअर यायचे होते ते त्याने पुढे विकलेही होते. समोरच्या ब्रोकरची सूचना आणि आमची सूचना जुळत नव्हती. स्क्रीनवर ‘अनमॅच्ड’ दिसत होतं. मी ब्रोकरला ईमेल पाठवली आणि दुसऱ्या कामाला लागले, कारण एक्सेलमध्ये कट-ऑफ, म्हणजे सूचना जुळवायची शेवटची वेळ, दुपारी बाराचा लिहिला होता. ते बारा टोकियोचे होते. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आमची मुदत सकाळी साडेआठलाच संपत होती. मला कळलं तेव्हा पावणेदहा झाले होते. शेअर आले नाहीत, म्हणून पुढचा सौदाही अडकला आणि दोन दिवस मी खुलासे लिहीत बसले. माझ्या सीनियरने आवाज चढवला नाही. तिने एवढंच विचारलं, “फोन का नाही केलास?” तेव्हापासून माझ्या टेबलावर दोन घड्याळं आहेत आणि मुदतीला तासापेक्षा कमी वेळ असला की मी ईमेल लिहीत नाही, फोन उचलते. इंग्रजी अडखळतं म्हणून फोन टाळणारी मुलं मी खूप पाहिली. टोकियोतल्या माणसाचं इंग्रजीही अडखळत असतं. सौद्याचा नंबर, शेअरची संख्या आणि खातं, तीन गोष्टी सावकाश वाचून दाखवल्या की काम होतं.

वाढीची संधी कुठे आहे, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. निर्देशांक कुठे जाईल ते मला ठाऊक नाही आणि आमच्या कामाला त्याची फारशी गरजही नसते. आमची वाढ होते ती नियम बदलतो तेव्हा. डिसेंबर २०२३ मध्ये कोरियाने परदेशी गुंतवणूकदारांसाठीची जुनी नोंदणीची अट काढून टाकली. हाँगकाँगमध्ये मोठं वादळ आलं की बाजार बंद व्हायचा. २३ सप्टेंबर २०२४ पासून तो वादळातही चालू राहतो. व्हिएतनाममध्ये परदेशी संस्थांना शेअर घेण्याआधी पूर्ण रक्कम खात्यात ठेवावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सक्ती सुटली. अशा प्रत्येक बदलानंतर जुनी कार्यपद्धती रद्द होते, नवी लिहावी लागते आणि क्लायंटला समजावून सांगणारा माणूस लागतो. जुन्या नियमावर पंधरा वर्षं काढलेला सीनियर आणि सहा महिन्यांपूर्वी आलेले तुम्ही, त्या दिवशी दोघंही तेच परिपत्रक पहिल्यांदा वाचत असता. मला टीम लीड केलं गेलं ते जपानच्या टी प्लस टूच्या कामामुळे. त्याच वर्षी नव्या सम्राटांच्या राज्यारोहणामुळे तिथे २७ एप्रिल ते ६ मे असे सलग दहा दिवस बाजार बंद होता. सुट्टीच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक सौद्याच्या तारखा टीममधल्या आम्ही दोघींनी हाताने कागदावर मांडल्या होत्या. सिस्टीमवर विश्वास नव्हता असं नाही, पण आधी मांडून पाहिल्याशिवाय ती बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

बाजार कोसळतो तेव्हा बॅक ऑफिसात काय होतं, हे कुणी शिकवत नाही. ५ ऑगस्ट २०२४, सोमवार. बँक ऑफ जपानने ३१ जुलैला व्याजदर ०.२५ टक्के केला होता आणि स्वस्त येनचं कर्ज उचलून जगभर गुंतवणाऱ्यांची धावपळ सुरू झाली होती. टोकियो आपल्या साडेपाचला उघडतं. मी पावसातून आत आले तेव्हा रात्रीच्या शिफ्टची मुलं जागेवरून उठलीच नव्हती. जपानचा निर्देशांक निक्केई त्या दिवशी ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२.४ टक्क्यांनी पडला. कोरियात सर्किट ब्रेकर लागला, म्हणजे सौदे काही वेळ थांबवले गेले. दुसऱ्या दिवशी निक्केई दहा टक्क्यांहून जास्त चढला. भाव पडला म्हणून आमचं काम कमी होत नाही. सौद्यांची संख्या फुगते, मार्जिनचे, म्हणजे तारण म्हणून ठेवायचे पैसे तासाभरात मागितले जातात, आणि त्या सोमवारचे सगळे सौदे पुरे व्हायचे असतात बुधवारी. आमच्या टीमने बुधवारच्या यादीला सोमवारी दुपारीच हात घातला. पहिल्यांदा असा दिवस आला की बातम्या बघत बसू नका. परवाची यादी उघडा.

दोन घटना मी प्रत्येक नव्या माणसाला मुद्दाम वाचायला लावते. पहिली बेअरिंग्ज बँकेची. निक लीसनने सुरुवात सेटलमेंटमधूनच केली होती. सिंगापूरमध्ये सौदे करणं आणि त्यांचा हिशेब ठेवणं, दोन्ही त्याच्याच हाती राहिलं. तोटा त्याने ८८८८८ नंबरच्या खात्यात दडवला, जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तो आवाक्याबाहेर गेला आणि ८२ कोटी ७० लाख पौंडांच्या तोट्याने दोन शतकांहून जुनी बँक बुडाली. दुसरी घटना कोरियातल्या सॅमसंग सिक्युरिटीजची. ६ एप्रिल २०१८ ला कर्मचाऱ्यांना प्रत्येक शेअरमागे १,००० वॉन लाभांश द्यायचा होता. नोंदीत वॉनच्या जागी शेअर पडले. सुमारे २८१ कोटी शेअर खात्यांत जमा झाले, आणि कंपनीचे एकूण शेअर होते नऊ कोटींच्या आसपास. काही कर्मचाऱ्यांनी ते विकलेसुद्धा.

मेकर-चेकर ही पद्धत याच्यासाठी आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. चेकरच्या खुर्चीत बसल्यावर शेजारचा मित्र म्हणतो, “अरे, दाबून टाक, बरोबर आहे.” दाबू नका. एकक वाचा, चलन वाचा, शून्यं मोजा. मित्र दोन मिनिटं रागावेल, रागावू द्या.

कोणता देश निवडायचा? मिळेल तो घ्या, पण पहिली दोन वर्षं एकाच देशात खोल जा. जपान मिळालं तर भाषा जरूर शिका. पुण्यात जपानी शिकायची सोय उत्तम आहे आणि आशियाच्या शिफ्टमध्ये दुपारी दीड-दोनला सुटका होते. मी नोकरी करता करता जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-फोर पातळीपर्यंत पोचले. तेवढ्यावर बोलता येत नाही, पण नोटिशीतला एखादा शब्द ओळखता येतो. ‘केन्री-ओची’ म्हणजे हक्क गळून पडण्याचा दिवस, आपली एक्स-डेट: त्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही. जपानच्या बऱ्याच कंपन्यांची रेकॉर्ड डेट, म्हणजे लाभांशाचे हक्कदार ठरवायची तारीख, ३१ मार्च असते, तेव्हा लाभांशाचा फक्त अंदाज जाहीर झालेला असतो. पक्का आकडा मे महिन्यात, सभा जूनच्या अखेरीस आणि पैसे त्यानंतर. भारतातल्या सवयीने आलेला मुलगा मार्चमध्येच पक्का आकडा शोधत बसतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात. एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट ही परीक्षा नोकरीआधीच द्या, अभ्यास खरोखर उपयोगी आहे. एक्सेल चांगलं हवं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, येत असेल तर फारच बरं, कारण सरळ जुळणारे सौदे आता सॉफ्टवेअरच पुढे ढकलतं आणि माणसाकडे येतो तो न जुळणारा, विचित्र सौदा. रोज जुळणाऱ्या सौद्यांच्या दोनशे ओळी हिरव्या करणं एवढंच काम असेल तर ती खुर्ची फार वर्षं टिकणार नाही, हे मला नव्या मुलांपासून लपवावंसं वाटत नाही.

शिफ्टचंही मनापासून सांगते. पहाटे साडेतीनला दारात कॅब येते. लग्नकार्य, गणपतीतली जागरणं, मैत्रिणींचे वाढदिवस, सगळ्याला नाही म्हणावं लागतं. पहिल्या वर्षी मी दुपारी झोपायचे नाही आणि सहा महिन्यांत पित्ताने हैराण झाले. झोपेची वेळ घरच्यांना लिहून द्या, दारावर चिकटवा. आईला पहिला महिना वाईट वाटेल. पगार सुरुवातीला फ्रंट ऑफिसपेक्षा, म्हणजे सौदे करणाऱ्यांपेक्षा, बराच कमी असतो, आणि “दोन वर्षांत सिंगापूरला पाठवू” अशा तोंडी आश्वासनावर घराचं कर्ज काढू नका. सप्टेंबर २०२३ पासून सिंगापूरने नोकरीच्या परवान्याला गुणांची पद्धत लावली आहे. पगार, शिक्षण, कंपनीतलं राष्ट्रीयत्वांचं प्रमाण, सगळं मोजलं जातं. जाणारे जातात, पण ते एखाद्या बाजाराचे जाणकार झाल्यावर.

हल्ली मी मुलाखती घेते आणि एक प्रश्न सगळ्यांना विचारते: टोकियोत शुक्रवारी घेतलेला शेअर खात्यात कधी येईल? बहुतेक जण झटकन मंगळवार सांगतात. मागच्या वर्षी बार्शीची एक मुलगी आली होती. अनुभव शून्य, आवाज थरथरत होता. तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि मलाच विचारलं, “मॅडम, सोमवारी तिकडे सुट्टी आहे का?” ती आता व्हिएतनामचं टेबल बघते.