इंग्लंडची जुनी लोकगीतं पेटी जवळ घेऊन कशी ऐकावीत

जुन्या इंग्रजी लोकगीतांचा अल्बम मिळाला की तो सलग लावू नका. आधी त्यात नुसत्या गळ्यावर म्हटलेलं एखादं गाणं शोधा आणि तिथून सुरुवात करा. शेतमजूर, माळी, खलाशी, घरकाम करणाऱ्या बाया बहुतेक साथीशिवायच गात. गिटारची साथ फार उशिरा आली. आमच्या खानापूर भागात रोप लावताना बायका गातात, तिथं तरी कुठं पेटी-तबला असतो?

आवाजात रडवेपणा शोधू नका. खून असो की ताटातूट, जुना गायक त्याच सुरात कथा पुढं नेतो. जात्यावर बसलेली आमची आजीसुद्धा सासरचं सगळं आवाज न चढवता सांगायची, म्हणून मला हे गाणं परकं वाटत नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना शब्द समोर घ्या. इंग्रजी जुनं आहे, शिकलेल्यांनाही अडतं. तेव्हा कोण, कुठं, काय झालं, एवढं मराठीत चार ओळींत लिहून काढा. ‘बार्बरा ॲलन’ घ्या. मरणाला टेकलेला तरुण तिला बोलावणं पाठवतो. ती सावकाश येते, कोरडं बोलून परत फिरते, आणि तो गेल्यावर तीही मरते. लंडनचे सरकारी अधिकारी सॅम्युअल पेपिस यांनी १६६६च्या रोजनिशीत हे गाणं ऐकल्याची नोंद केली आहे. साडेतीनशेहून जास्त वर्षं ते तोंडातोंडी टिकलंय!

आता पेटी काढा. चाल बहुतेक वेळा सा वर येऊन थांबते, म्हणून कडव्याचा शेवटचा सूर धरा. एकट्या गळ्याचं गाणं असेल तर तो सूर दोन पट्ट्यांच्या मधेही पडतो. अशा वेळी मोबाईलवरचा तानपुरा हलकेच वर-खाली करून जुळवा. मग गंधार आणि निषाद तपासा. ‘स्कारबरो फेअर’ची प्रसिद्ध चाल वाजवलीत तर दोन्ही कोमल आणि धैवत शुद्ध सापडतील, म्हणजे सरळ काफी थाट. काही चालींत फक्त निषाद कोमल असतो, तो खमाज. राग मात्र शोधत बसू नका, आरोह-अवरोहाचे आपले नियम तिथं नाहीत. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुना ज्या बारकाईनं ऐकल्या, तेवढ्या बारकाईनं एकच चाल ऐका. प्रत्येक कडव्यात ती जराशी बदलते, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

या बदलांसाठीच संगीतकार पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ साली इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या नळकांड्यांवर गाणी उतरवून घेतली. त्याआधी १९०३ मध्ये सेसिल शार्प यांनी सॉमरसेटमधल्या एका माळ्याचं गाणं ऐकलं आणि टिपून घेतलं, तिथून त्यांनी गाणी जमवायला सुरुवात केली. ग्रेंजरनी उतरवून घेतलेला जोसेफ टेलर यांचा आवाज मिळाला तर जरूर ऐका. खरखर आहे, पण हरकती स्वच्छ कळतात.

एक गाणं आवडलं की त्याचा राऊड क्रमांक बघा. स्टीव्ह राऊड या ग्रंथपालांनी एकाच गाण्याच्या सगळ्या रूपांना एक क्रमांक दिला आहे. बार्बरा ॲलनचा ५४. लंडनच्या सेसिल शार्प हाऊसमधल्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक फुकट शोधता येतो, आणि गावोगावची रूपं पुढ्यात येतात.

खलाशांची गाणी असतील तर ती एकट्यानं ऐकू नका. भजनी मंडळातल्या चौघांना बोलवा. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. ही गाणी दोर ओढताना म्हणायची, त्यामुळे हिसका कुठल्या शब्दावर येतो ते आधी टाळी देऊन पकडा, आणि मगच सूर लावा.