रोज फिरूनही दम लागतो? साठीनंतर चालताना या चुका टाळा

माझे बाबा कित्येक वर्षं रोज सकाळी उपवन तलावाला फिरायला जातात. तरी ठाणे स्टेशनचा पूल चढताना त्यांना धाप लागायची. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. मग एकदा त्यांच्या मागोमाग चालले आणि कारण कळलं. मित्रांसोबत गप्पा मारत, दर दहा पावलांवर थबकत त्यांचं फिरणं चाललं होतं.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच. मेहनत करताना शरीर जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. ही घसरण मंदावायची तर हृदयाला थोडं कामाला लावावं लागतं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. बाबा आता दोन मिनिटं झपझप आणि तीन मिनिटं सावकाश असं आलटून पालटून चालतात. गप्पा नंतर, कट्ट्यावर. त्या बंद करू नका, त्याही हव्यातच.

दुसरी चूक म्हणजे खंड. पावसाळ्यात आपल्याकडे चार-चार महिने फिरणं बंद पडतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयापेक्षा त्या तीन आठवड्यांनी क्षमता जास्त घटवली होती. मला धीर मिळाला तो पुढच्या भागातून: पन्नाशीतल्या त्या पाच जणांनी सहा महिने व्यायाम करून वयामुळे गेलेली क्षमता परत मिळवली. म्हणून पाऊस असला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाला, पण चाला. आजारपणानंतर मात्र पहिल्याच दिवशी जुना वेग गाठायला जाऊ नका. दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

स्मार्ट घड्याळावर दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर विसंबणं हीही चूक. मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात, याचं '२२० वजा वय' हे सूत्र म्हणजे ढोबळ अंदाज आहे, आणि रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांचे ठोके तसेही फार वाढत नाहीत. त्यांनी श्वासावरूनच वेग ठरवावा.

नुसतं चालणंही पुरत नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करा, तोल सांभाळण्याचा सरावही ठेवा. आणि चालताना छातीत दाटलं, चक्कर आली, तर फेरी पुरी करायच्या नादी न लागता तिथेच थांबा, कुणाला तरी हाक मारा.