गटाच्या हळदीला नाव कसं मिळवून द्यावं

समुद्रपूर-हिंगणघाटकडे काय किंवा उमरेड-भिवापूरकडे काय, बऱ्याच बचत गटांची आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची सुरुवात छापखान्यातून होते. आधी लोगो, मग चकचकीत पाकीट, मग कृषी प्रदर्शनात स्टॉल. माल नंतर गोळा होतो, मिळेल तिथून. पहिल्या वर्षी पाकिटं खपतात, कारण घेणारे ओळखीचे असतात. दुसऱ्या वर्षी तीच माणसं विचारतात, "ताई, मागच्या खेपेले होती तशीच आहे ना?" या प्रश्नाला बेधडक "हो" म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी कामाचा क्रम उलटा करावा लागतो. इथे हळदीचं उदाहरण घेतलं आहे. मिरची, तूरडाळ, जवस यांनाही क्रम हाच.

१. कोणता माल घेणार नाही, ते आधी लिहून काढा

सुरुवातीला एकच वस्तू घ्या. हळद, लोणचं, पापड, मध असं सगळं एका नावाखाली आणलं की कशातच पक्कं नाव होत नाही. मग नियम ठरवा: कोणतं वाण, किती वाळवलेलं, कोणत्या चक्कीवर दळणार. हळद पावडरीत ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त आणि कुरकुमिनॉइडचं (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं) प्रमाण २ टक्क्यांपेक्षा कमी नसावं, ही अन्नसुरक्षा मानकांची अट आहे. तुमचा नियम त्याहून कडक असला तर उत्तम.

नियम लिहिणं सोपं असतं. संचालकाच्या भावकीतली ओली हळद परत पाठवणं अवघड. बहुतेक गटांचं नाव इथेच खराब होतं, बाजारात नाही. म्हणून हळद खोदायच्या आधीच्या सभेत ठराव घ्या: नियमात न बसणारा सभासदाचा माल बाजार समितीत बिननावाने विकून देऊ, पण आपल्या पाकिटात घालणार नाही. भांडण व्हायचं असेल तर तेव्हाच होऊ द्या. माल अंगणात येऊन पडल्यावर कोणी कोणाला नाही म्हणत नाही.

प्रत्येक दळणाला बॅच नंबर द्या. एका साध्या वहीत कोणाची हळद, कधी शिजवली, कधी दळली एवढं लिहा आणि प्रत्येक बॅचची पावभर पावडर बरणीत बंद करून अंधारात ठेवा. ही वही आणि बरणी पुढे तक्रारीच्या वेळी कामी येतात.

२. नाव निवडताना तीन नावांची गल्लत करू नका

पहिलं कंपनीचं कायदेशीर नाव. उत्पादक कंपनीला किमान १० उत्पादक सभासद आणि ५ संचालक लागतात, आणि नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' येतं. हे लांबलचक नाव पाकिटाच्या मागे उत्पादक म्हणून छापा. समोर छापाल तर गिऱ्हाईकाच्या तोंडात ते कधीच बसणार नाही.

दुसरं विक्रीचं नाव. नागपुरात किराणा दुकान चालवलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. घराघरात पोचलं ते 'विको' हे दोन अक्षरी नाव. 'शुद्ध', 'गावरान', 'अस्सल' असले शब्द मात्र तुमचे होऊ शकत नाहीत. ते मालाचं वर्णन आहे, त्यावर ट्रेडमार्क सहसा मिळत नाही. 'गजानन' हे नाव तर शेगावपासून ब्रह्मपुरीपर्यंत दर दुसऱ्या दुकानावर आहे. श्रद्धा घरी ठेवा. शिवाय देवाचं चित्र असलेलं रिकामं पाकीट शेवटी उकिरड्यावर जातं, तेही बरं दिसत नाही.

नाव सुचलं की ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधी कोणी घेतलंय का बघा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात, आणि नोंदणी १० वर्षं टिकून पुढे नूतनीकरण करता येते. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहिता येतं. गोलातलं 'आर' चिन्ह नोंदणी हातात आल्याशिवाय छापू नका.

तिसरं नाव गावाचं, आणि ते कोणा एकाच्या मालकीचं नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भिवापूरची मिरची आणि नागपूरची संत्रीही मानांकित आहेत. 'वायगाव' हा शब्द तुम्ही आपला खासगी ट्रेडमार्क करू शकत नाही. पण ठरलेल्या भागात ठरलेल्या पद्धतीने हळद पिकवत असाल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून तो पाकिटावर लावू शकता. ही नोंद जरूर करा. बाहेरची हळद आणून 'वायगाव' छापणाऱ्याला अडवायचं असेल, तर आधी आपले कागद साफ हवेत.

३. पाकीट

अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर, उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच नंबर आणि तक्रारीसाठी संपर्क एवढं तरी हवंच. चित्रकाम त्यानंतर. आरपार दिसणारं पाकीट टाळा. किराणा दुकानाच्या दारात उन्हात लटकवलं की हळदीचा रंग उडतो, आणि मग लोक म्हणतात भेसळ आहे.

४. विक्री

आधी एकच शहर धरा, वर्धा किंवा हिंगणघाट. दुकानदाराचं कमिशन धरूनच भाव काढा. प्रदर्शनात स्वस्त आणि दुकानात महाग विकलं की दुकानदार तुमचं पाकीट मागच्या फळीवर टाकतो.

५. तक्रार आली की

पावसाळ्यात येईलच. पावडरीचे गोळे झाले, वास लागला. आधी पाकीट बदलून द्या, वाद नंतर. मग बॅच नंबर विचारा, वही उघडा, बरणीतली पावडर बघा. बरणीतली चांगली असेल तर दोष साठवणीचा किंवा पाकिटाच्या शिलाईचा. दुकानात जाऊन माल कुठे ठेवलाय ते पाहा. बरणीतलीही खराब असेल तर त्या बॅचची उरलेली सगळी पाकिटं स्वतः फोन करून परत बोलवा, गिऱ्हाईक विचारायची वाट पाहू नका. नुकसान कोणी सोसायचं हेही सभेत आधीच ठरलेलं असावं, नाहीतर अध्यक्ष आणि चक्कीवाला एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पाकिटावरच्या नंबरासाठी गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या. अध्यक्षाचा घरचा नंबर छापला, तर पेरणीच्या दिवसांत तो फोन वावरात धुऱ्यावर वाजत राहतो.